लेझर फ्लुओरेसन्सने झाडांवरचा प्रदूषणाचा ताण मोजताय? या चुका टाळा

पानावर लेझर टाकला की हरितद्रव्य ६८५ आणि ७३५ नॅनोमीटरच्या आसपास लालसर उजळतं; हाच फ्लुओरेसन्स. हरितद्रव्य भरपूर असेल तर ६८५ चा बराचसा प्रकाश पान स्वतःच परत शोषून घेतं. ते कमी झालं की ६८५ चं शिखर वर येतं आणि दोन्ही शिखरांचं गुणोत्तर वाढतं. हे गुणोत्तर वाढलेलं दिसलं की नवीन मुलं लगेच ‘प्रदूषण’ लिहून मोकळी होतात. माझा सगळा राग इथेच आहे.

एका चैत्रात आम्ही रहदारीच्या रस्त्याकडेचे पिंपळ आणि आतल्या आवारातले पिंपळ मोजले. रस्त्याकडेचं गुणोत्तर ठळकपणे जास्त आलं. आलेख सुंदर, सगळे खूश. अहवाल जवळजवळ लिहून झाला होता. मग ठेवलेल्या नमुन्यांतलं एक पान मी सहज उजेडासमोर धरलं. पातळ, लुसलुशीत, शिरांशी अजून तांबूस झाक. आवारातलं पान जून, जाड, गर्द हिरवं. शेजारशेजारच्या पिंपळांनाही एकाच दिवशी पालवी फुटत नाही, हे आम्ही लक्षातच घेतलं नव्हतं. कोवळ्या पानात हरितद्रव्य कमीच असतं. आम्ही पानांचं वय मोजलं होतं आणि त्याला धुराचं नाव देत होतो. महिन्याभराने तीच झाडं पुन्हा मोजली, तेव्हा फरक जवळपास नाहीसा झाला.

तेव्हापासून पालवी फुटते त्याच आठवड्यात मी फांद्यांना रंगीत दोरा बांधून तारीख लिहितो. दोरा नसलेलं पान मोजत नाही. तारांसाठी छाटलेल्या झाडांना अवेळी पालवी येते, म्हणून छाटणी कधी झाली तेही आधी विचारून घ्यायचं. आणि एवढं करूनही गुणोत्तर वाढलंच, तर हरितद्रव्य कमी झालंय इतकंच कळतं. पाणी तुटलं किंवा नत्र कमी पडलं तरी हेच दिसतं.

दुसरी चूक अंधाराची. उन्हातलं पान थेट यंत्रापुढे धरायचं नाही. अंधारातून उजेडात आलेल्या पानाची चमक आधी वाढते, मग उतरते. हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ हान्स काउट्स्कींनी १९३१ मध्ये दाखवलं. तो चढउतार किंवा एफव्ही/एफएम (पान प्रकाश किती कार्यक्षमतेने वापरू शकतं ते सांगणारा आकडा) हवं असेल, तर पान वीस ते तीस मिनिटं काळ्या कापडात ठेवायलाच हवं. निरोगी पानाला ०.८३ च्या आसपास आकडा मिळतो. दुपारच्या उन्हातून घाईने उचललेलं तेच पान आजारी दिसेल. ‘पाच मिनिटं पुरतात’ म्हणणाऱ्याचे आकडे मी वापरत नाही.

३५५ नॅनोमीटरचा लेझर असेल तर स्पेक्ट्रोमीटरपुढे लाँगपास फिल्टर (फक्त लांब तरंगलांबीचा प्रकाश आत सोडणारी काच) लावा. नाहीतर स्पेक्ट्रोमीटरमधली प्रकाश विभागणारी जाळी (ग्रेटिंग) लेझरचा प्रकाश दुप्पट तरंगलांबीवरही दाखवते; या दुसऱ्या ऑर्डरमुळे ७१० वर, दोन शिखरांच्या बरोबर मध्ये, खोटं शिखर उगवतं.

पानाची एकच बाजू ठरवून घ्या. खालून मोजलं की गुणोत्तर वेगळंच येतं.

३५५ चा किरण डोळ्यांना दिसत नाही. तीच तरंगलांबी अडवणारा चष्मा घाला, रस्त्यावर तर दुप्पट सांभाळून.

राहिली धूळ. तिच्यामुळे एकूण चमक पडते आणि तो ताण वाटतो. मी ओल्या कापसाने पानाचा मधल्या शिरेपलीकडचा अर्धा भाग पुसतो, दुसरा तसाच ठेवतो आणि दोन्ही मोजतो. दोन्हींत फरक आला, तर त्या झाडाची सगळी पानं धुऊन, सुकवून पुन्हा मोजायची.