छेदात काय आहे ते आधी विचारा

माझं उत्तर ३.६ आलं होतं. मेंदूच्या ऊतीची टॉर्चुऑसिटी, म्हणजे तो लॅम्डा: पेशींना वळसे घालत जाताना रेणूचं पसरणं किती अडतं याचं माप. या विषयातलं दोन पानं वाचलेल्या माणसालाही इथे हसू येईल, कारण निरोगी मेंदूत हा आकडा १.६ च्या आसपास असतो. मी मात्र चार महिने त्या ३.६ ला उराशी धरून बसले होते. 'या भागातली ऊती असाधारण दाट' अशी स्लाइडसुद्धा तयार होती. अजून ती फाइल पुसलेली नाही.

औषधं मेंदूत कशी पसरतात याचं गणित करायला येणारे बहुतेकजण माझ्यासारखे गणिताकडून किंवा इंजिनिअरिंगकडून येतात. डिफ्युजनचा, म्हणजे रेणू आपोआप पसरण्याचा, फिकचा नियम १८५५ चा, तो पाठ असतो. उष्णतेचं समीकरण झोपेतही सोडवता येतं. त्यामुळे वाटतं की तापमानाच्या जागी कॉन्सन्ट्रेशन लिहिलं की झालं काम. मीही तेच केलं. डाव्या बाजूला काळाचं डेरिव्हेटिव्ह, उजवीकडे डिफ्युजनची टर्म आणि औषध सोडणारा सोर्स. दिसायला सुरेख, आणि चूक.

चूक कुठे होती ते सविस्तर सांगते, कंटाळा आला तरी वाचा. मेंदू म्हणजे पाण्याचा पेला नव्हे. पेशी खचाखच भरलेल्या असतात आणि त्यांच्यामध्ये काही दशक नॅनोमीटर रुंदीच्या फटी असतात. या सगळ्या फटी मिळून ऊतीच्या आकारमानाचा साधारण २० टक्के भाग होतो. हाच अल्फा, ०.२. पेशीत न शिरणारा रेणू फक्त या फटींतून फिरतो. त्याला पेशींना वळसे घालत जावं लागतं, म्हणून त्याचा डिफ्युजन कोइफिशंट लॅम्डाच्या वर्गाने भागावा लागतो: १.६ चा वर्ग २.५६, म्हणजे वेग अडीच पटींनी कमी. वळशांचं हे मला माहीत होतं. जागेचं विसरले.

गोट्यांनी काठोकाठ भरलेली एक लिटरची बरणी घ्या. गोट्यांमधल्या फटींत २०० मिलिलिटर पाणी मावतं असं समजा. त्यात एक मिलिमोल मीठ टाकलं. कॉन्सन्ट्रेशन किती? बरणीच्या हिशेबाने लिटरला एक मिलिमोल, पण पाण्याच्या हिशेबाने पाच. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. मात्र फटीत खुपसलेला इलेक्ट्रोड पाण्यात असतो आणि तो पाचच दाखवतो. म्हणून इलेक्ट्रोडशी जुळणारं समीकरण लिहायचं तर सोर्सच्या टर्मला अल्फाने भागावं लागतं. मी भागलं नव्हतं.

आता खरी गंमत, म्हणजे खरा सापळा. बिंदूएवढ्या सोर्समधून रेणू सतत सोडत राहिलं की काही वेळाने जवळपासची पातळी स्थिर होते. ती पातळी अल्फा आणि ऊतीतला डिफ्युजन कोइफिशंट यांच्या गुणाकारावर ठरते, दोघांच्या वेगवेगळ्या किमतींवर नाही. माझं मॉडेल मोजमापापेक्षा पाचपट कमी दाखवत होतं, तेव्हा फिटिंगच्या प्रोग्रामने निमूटपणे कोइफिशंट पाचपट घटवला. लॅम्डाचा वर्ग २.५६ चा १२.८ झाला, वर्गमूळ ३.६. रेषा मोजमापाच्या बिंदूंवरून अशी गेली की दृष्ट लागावी.

हे पकडलं शेजारच्या प्रयोगशाळेतल्या एका पोस्टडॉक (पीएचडीनंतर संशोधन करणाऱ्या) बाईंनी. त्यांना पीडीई, म्हणजे असली डेरिव्हेटिव्हची समीकरणं, येत नव्हती. स्क्रीनकडे बघून एवढंच विचारलं, "ही कॉन्सन्ट्रेशन आहे ना, तिच्या छेदात काय आहे? ऊती की फट?" मी म्हटलं, लिटर. त्या म्हणाल्या, "कशाचं लिटर?" मग म्हणाल्या, स्थिर पातळी सोड, चढ बघ. सोर्सपासून १०० मायक्रोमीटरवर, पाण्यात सुमारे १.३ गुणिले १० चा उणे ९ वा घात चौरस मीटर प्रतिसेकंद इतका कोइफिशंट असलेला छोटा आयन घेतला, तर लॅम्डा १.६ असताना वक्र सुमारे २२ सेकंदांत निम्म्या उंचीवर पोचतो. माझ्या ३.६ ने जवळजवळ ११० सेकंद लागले असते. प्रत्यक्ष नोंदीत वक्र वीस-बावीस सेकंदांतच निम्मा वर आला होता. ती नोंद पहिल्या दिवसापासून माझ्याकडे होती, मी फक्त तिचं शेपूट वापरत होते.

दुरुस्ती एका दुपारची होती. गाईडनी नवे आकडे पाहिले आणि म्हणाले, "बरोबर आहे. १९८१ पासून बरोबर आहे." चार्ल्स निकोलसन आणि फिलिप्स यांनी उंदराच्या लहान मेंदूवर नेमकं हेच मोजून दाखवलं ते साल. (अशी समीकरणं आकड्यांनी सोडवायच्या क्रँक-निकोलसन पद्धतीतल्या निकोलसन वेगळ्या. त्या फिलिस, पद्धत १९४७ ची. मी पहिले काही आठवडे दोघांना एकच समजत होते, आता तुम्ही समजू नका.)

घाबरू नका. या विषयाला लागणारं जीवशास्त्र सहा महिन्यांत हाताशी येतं, आणि गणित तर तुम्हाला येतंच. पण तयार सॉफ्टवेअरमध्ये पहिल्याच आठवड्यात मेंदूची त्रिमितीय जाळी टाकून रंगीत चित्रं काढणाऱ्यांबद्दल माझं मत वाईट आहे. एका मितीत, कागदावर, हाताने सोडवल्याशिवाय त्या रंगांना अर्थ नसतो. गाईड निवडताना त्याचे पेपर मोजू नका, त्याच्या गटात प्रयोग करणारं कोणी रोज भेटतं का ते बघा. ग्लिम्फॅटिक प्रवाहावर, म्हणजे मेंदूतून द्रव वाहून कचरा धुतला जातो या कल्पनेवर, २०१२ पासून बरंच लिहिलं गेलंय आणि ऊतीच्या आत खरोखर प्रवाह किती, डिफ्युजन किती, हा वाद चालू आहे. त्यात पहिल्याच वर्षी उडी मारू नका.

छेदाची भानगड रक्तातून येणाऱ्या औषधांतही आहेच. मेंदूचा लगदा करून मोजलेलं 'मेंदू भागिले रक्त' हे गुणोत्तर मोठं आलं की लोक खूश होतात. पण चरबीत विरघळणारं औषध ऊतीला चिकटून बसलेलं असतं, आणि रिसेप्टरला, म्हणजे जिथे औषधाचा परिणाम होतो त्या रेणूला, भिडतं ते मोकळं औषध. दोन्हीकडचं मोकळंच मोजा. शिवाय रक्त आणि मेंदू यांच्यामधल्या बॅरियरवरचे पंप आहेत: लोपरामाइड हे जुलाबावरचं औषध ओपिऑइड (अफूच्या जातीचं) असूनही नेहमीच्या मात्रेत डोक्यात चढत नाही, कारण पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा पंप ते बाहेर फेकत राहतो. चरबीत विरघळतं म्हणजे मेंदूत जातं, हा शॉर्टकट तिथेच मोडतो.

सुरुवातीला एकच गणित करा. मेंदूतली कर्करोगाची गाठ काढल्यावर उरलेल्या पोकळीत कार्मस्टीन या कर्करोगावरच्या औषधाच्या चकत्या ठेवतात, अमेरिकेत १९९६ मध्ये त्यांना मंजुरी मिळाली. औषध कडेपासून आत किती जातं? ऊतीतला कोइफिशंट ५ गुणिले १० चा उणे १० वा घात चौरस मीटर प्रतिसेकंद धरा. औषध नाहीसं होण्याचा दर के (०.६९३ भागिले अर्धायुष्य), आणि अंतर म्हणजे कोइफिशंट भागिले के याचं वर्गमूळ. अर्धायुष्य १० मिनिटं धरलं तर ०.६६ मिलिमीटर येतं. आता एक तास धरा. सहापट सवड दिली तरी औषध अडीच पटही पुढे सरकत नाही, उत्तर १.६ मिलिमीटर यायला हवं. भलतंच काही आलं, तर के काढताना मिनिटांचे सेकंद केलेत का ते बघा. मी केले नव्हते.