मधुमेहींनी रक्तदाब कसा सांभाळावा

मधुमेह असलेल्या माणसाला उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर तोंडपाठ असते; रक्तदाब मात्र दवाखान्यात मोजला जाईल तेवढाच. ही हयगय महाग पडते, कारण मूत्रपिंड, डोळ्यांचा पडदा आणि मेंदू यांची हानी हे दोन्ही विकार मिळून करतात. ब्रिटनमधील मधुमेहींच्या १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात सरासरी रक्तदाब १५४/८७ ऐवजी १४४/८२ राहिलेल्या गटात पक्षाघाताचे प्रमाण ४४ टक्क्यांनी कमी आढळले. आज बहुतेक मधुमेहींसाठी १३०/८० च्या खालचे उद्दिष्ट ठेवतात. फार वयस्कर किंवा अशक्त रुग्णांना डॉक्टर त्यात सवलत देतात.

सुरुवात मोजण्यापासून करावी. यंत्र मनगटाचे न घेता दंडाचे घ्यावे आणि पट्टा दंडाच्या घेराला साजेसा असावा, कारण जाड दंडावर लहान पट्टा बांधला की आकडा खोटाच वाढलेला दिसतो. चहा, तंबाखू किंवा व्यायामानंतर अर्धा तास जाऊ द्यावा, लघवी करून यावे, पाठ टेकून आणि दोन्ही पावले जमिनीवर ठेवून पाच मिनिटे स्वस्थ बसावे आणि हात छातीच्या पातळीवर टेबलावर ठेवून, न बोलता मोजावे. सकाळी गोळी व न्याहारीपूर्वी आणि संध्याकाळी, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा, असे सात दिवस वहीत लिहून पहिला दिवस सोडून सरासरी काढावी. जुन्या मधुमेहात मज्जातंतू दुबळे झालेले असू शकतात, म्हणून उभे राहून एका आणि तीन मिनिटांनीही मोजावे. वरचा आकडा २० ने उतरत असेल, तर ते डॉक्टरांना सांगावे.

कंबरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा जास्त असल्यास वजन उतरवणे हाही रक्तदाबाचाच उपचार आहे.

मीठ सगळे मिळून दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाच्या छोट्या चमचाभराहून कमी, असावे. भाजीतले मीठ कमी केल्याचे समाधान पापड, लोणचे, ठेचा आणि फरसाण सहज घालवतात. सैंधव खाल्ल्याने सुटका होत नाही, तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. ‘कमी सोडियम’ मिठात पोटॅशियम असते. मूत्रपिंड कमजोर असल्यास किंवा टेल्मिसार्टन, रामिप्रिल यांसारखी रक्तदाबाची गोळी चालू असल्यास ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन जात असल्यास टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल यांच्या गटांपैकी एक औषध सहसा आधी निवडले जाते, म्हणून ती तपासणी दरवर्षी करावी. औषध सुरू झाल्यावर एक-दोन आठवड्यांत रक्तातील क्रिएटिनिन (यावरून मूत्रपिंडाचे काम कळते) व पोटॅशियम तपासावे. रामिप्रिलने कोरडा खोकला किंवा अॅम्लोडिपिन या रक्तदाबाच्या दुसऱ्या गोळीने पायांना सूज आल्यास गोळी परस्पर बंद न करता बदलून घ्यावी. डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नयेत, त्यांनी रक्तदाब वाढतो आणि मूत्रपिंडावर ताण येतो. उलट्या-जुलाब होत असतील किंवा गर्भधारणेचा विचार असेल, तर डॉक्टरांशी लगेच बोलावे. टेल्मिसार्टन व रामिप्रिल गरोदरपणात चालत नाहीत.

आकडा १८०/१२० च्या वर गेला, तर पाच मिनिटे शांत बसून पुन्हा मोजावे आणि तसाच राहिल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. छातीत दुखणे, धाप, अडखळते बोलणे किंवा एका बाजूची शक्ती जाणे यांपैकी काहीही दिसल्यास मात्र मोजत बसू नये, १०८ ला फोन करावा.