मोडी कागदांचा डेटाबेस: कागद कुठला, पाठ कुठला, याचा माग कसा ठेवावा

‘पेशवे दफ्तर, २७’. ‘स्रोत’ नावाच्या एकाच रकान्यात एवढंच लिहिलेलं असेल, तर ती नोंद निरुपयोगी आहे. पेशवे दफ्तर म्हणजे पुण्याच्या पुराभिलेखागारातला मोडी कागदांचा संग्रह, आणि त्यातून गो. स. सरदेसाई यांनी १९३० पासून संपादून छापलेले ४५ खंडही त्याच नावाने ओळखले जातात. मग २७ हा रुमाल (कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा) की खंड? मूळ कागद वाचला की छापील पाठ?

म्हणून ‘कागद’ आणि ‘प्रत’ यांचे तक्ते वेगळे करा. कागदाला निव्वळ अनुक्रमांक द्या, उदाहरणार्थ क-०००४१२. त्यात रुमालाचा क्रमांक गुंफू नका, कारण रुमाल पुन्हा लावले की तो बदलतो. मूळ मोडी पत्र, नक्कल, छापील बाळबोध (देवनागरी) पाठ, फोटो अशा प्रत्येक प्रतीची स्वतंत्र ओळ करा. तिच्यात ‘कशावरून’ हा रकाना हवाच. त्यात ती ज्या प्रतीवरून उतरली तिचा क्रमांक येतो. मूळ कागद सापडत नसला तरी त्याची ओळ करा आणि ‘ठावठिकाणा नाही’ असं लिहा. नाहीतर पुढे नक्कलच मूळ समजली जाते.

ठिकाणाचा तक्ता तिसरा: संस्था, दफ्तर, रुमाल, पुडके, कागद आणि पाहिल्याची तारीख. क्रमांकांचे रकाने टेक्स्ट ठेवा. ‘१२अ’ आकड्याच्या रकान्यात बसत नाही. क्रमांक बदलला तर जुनी ओळ न पुसता नवी जोडा.

सगळ्यात जास्त चुका तारखेत होतात. कागदावर आहे तशी तारीख, कालगणना, ‘पासून’, ‘पर्यंत’ आणि रूपांतराचा आधार असे पाच रकाने लागतात. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे शुहूर सन ११६१; शुहूर ही अरबी संख्याशब्दांत लिहायची वर्षगणना. हे वर्ष मृग नक्षत्राला बदलतं, म्हणून इसवी सन काढायला मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवायचे. नुसतं वर्षच मिळालं, तर जून १७६० ते जून १७६१ एवढा पट्टा नोंदवा, ‘१७६०’ नको. शिवाय वर्ष सौर असलं, तरी तारखेआधी लिहिलेल्या ‘छ’ (चंद्र) या खुणेपुढचा दिवस हिजरी चांद्र महिन्याचा असतो. चांद्र वर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान, त्यामुळे शुहूर वर्षाच्या टोकांना येणारी काही तिथी त्याच वर्षात दोनदा येऊ शकते. तेव्हा दोन्ही तारखा ठेवा. कागदावर वार असेल तर तोही टिपा, निवाडा बहुधा त्यावरच होतो.

मुंबईकर इंग्रजांची १७५२ पूर्वीची पत्रं जुन्या ज्युलियन गणनेची आहेत, तर पोर्तुगीजांची आजच्या ग्रेगोरियन गणनेची. अठराव्या शतकात ती गोव्याच्या पोर्तुगीज पत्रांच्या ११ दिवस मागे असतात, आणि त्यांचं वर्ष २५ मार्चला बदलतं. त्यामुळे ‘१० फेब्रुवारी १७३८’ म्हणजे आपल्या हिशेबाने २१ फेब्रुवारी १७३९ असू शकते.

फोटो पाठपोट घ्या. पत्र पोचल्याची ‘पैवस्ती’ कित्येकदा मागे असते. तिला वेगळा रकाना द्या, नाहीतर तीच लिहिल्याची तारीख म्हणून नोंदली जाते. फाइलच्या नावात प्रतीचा क्रमांक घाला.

हजारो नोंदी भरण्याआधी निरनिराळ्या तऱ्हेचे ३० कागद भरून पाहा. एकाच प्रकारचा तपशील तीनदा ‘शेरा’ रकान्यात गेला, तर त्याला स्वतःचा रकाना द्या.