गाडीच्या इंजिनचं दुखणं घरीच शोधताय? या चुका टाळा

घोडबंदर रोडवर गायमुखच्या चढाला गाडी रेंगाळते आणि टेम्परेचरचा काटा वर सरकतो. दुसऱ्या दिवशी थर्मोस्टॅट (इंजिन गरम झालं की कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, वाट उघडणारा व्हॉल्व्ह) बदलला जातो, पुढच्या आठवड्यात वॉटर पंप. पैसे जातात आणि काटा पुन्हा वर चढतोच. घरी गाडी बघणाऱ्याला सगळ्यात महाग पडते ती हीच सवय: लक्षण नीट न पाहता पार्ट बदलायला घेणं.

इंजिन तापतंय, तर आधी कधी तापतंय ते बघा. ईस्टर्न एक्स्प्रेसवर धावताना काटा जागेवर असतो आणि माजिवड्याच्या कोंडीत चढतो, तर संशय रेडिएटरच्या पंख्यावर घ्या. गाडी पळत असताना समोरचा वारा रेडिएटर थंड करतो, उभ्या गाडीत ते काम पंख्याचं. गाडी चालू ठेवून एसी लावा. बहुतेक गाड्यांत थोड्याच वेळात पंखा फिरायला लागतो. नाही फिरला तर आधी फ्यूज, मग रिले (पंख्याला वीज देणारा छोटा स्विच) आणि शेवटी मोटर तपासा. फ्यूज काही रुपयांत येतो. उलट गाडी वेगात असतानाच तापत असेल, तर कूलंट कमी आहे का, रेडिएटर तुंबलाय का, थर्मोस्टॅट अडकलाय का, ते पाहायचं. पंख्याजवळ हात मात्र घालू नका. काही गाड्यांत इंजिन बंद केल्यावरही तो आपोआप सुरू होतो.

तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडणं ही चूक थेट हॉस्पिटलात नेते. आतलं पाणी दाबाखाली असतं, म्हणून ते शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सुटलं की ते क्षणात वाफ होऊन चेहऱ्यावर येतं. इंजिन पूर्ण गार होऊ द्या, टाकीवरची कमाल-किमान रेघही गार असतानाच वाचा. अडीअडचणीला नळाचं पाणी घालून घर गाठलं तर ठीक, पण ते तसंच राहू देऊ नका. त्यातले क्षार आत थर धरतात. बोअरच्या पाण्याने तर आणखीच. आणि रंग सारखा दिसला म्हणून दोन कंपन्यांचं कूलंट एकत्र करू नका, रंगावरून जात कळत नाही.

सेल्फ मारल्यावर नुसतं कट-कट वाजलं की लोक लगेच नवीन बॅटरी आणतात. आधी टर्मिनल बघा. खाडीकाठच्या दमट हवेत, वाशी-ऐरोलीकडे तर विशेष, त्यावर बुरशीसारखा पांढरा-हिरवा थर धरतो. निगेटिव्ह आधी काढा, गरम पाणी आणि खाण्याच्या सोड्याने घासा, कोरडं करा, निगेटिव्ह शेवटी लावा. मग मल्टिमीटर लावा. थांबलेल्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा आला तर बॅटरी भरलेली आहे, १२.२ म्हणजे जवळपास अर्धी. गाडी चालू असताना साधारण १३.५ ते १४.५ दिसायला हवेत. कमी दिसले तर अल्टरनेटर (चालू गाडीत बॅटरी चार्ज करणारं यंत्र) किंवा त्याचा पट्टा तपासा. अल्टरनेटर तपासायला चालू गाडीची बॅटरी काढायची जुनी युक्ती कृपया करू नका. व्होल्टेज उसळून ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, जाऊ शकतो, आणि तो बॅटरीच्या कितीतरी पट महाग असतो.

इंजिनचा पिवळा दिवा लागला म्हणून बॅटरी काढून तो विझवणं म्हणजे पुरावा पुसणं. ओबीडी स्कॅनर (गाडीने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारं उपकरण) स्टिअरिंगखालच्या पोर्टला लावा आणि कोड वहीत लिहून ठेवा. कोड लक्षण सांगतो, बिघडलेला पार्ट नाही. समजा पी०३०१ आला, म्हणजे पहिला सिलिंडर मिसिंग करतोय, त्यातलं इंधन नीट पेटत नाही. इंजिन बंद करून त्याची इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग) दोन नंबरच्या सिलिंडरवर आणि तिथली पहिल्यावर लावा. आता कोड पी०३०२ झाला तर दोष कॉइलचाच. तसाच राहिला तर प्लग, मग इंजेक्टर. एक रुपया न खर्चता एवढं कळतं. दिवा लुकलुकत असेल तर मात्र गाडी चालवू नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची (धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या भागाची) वाट लावतं.

ही सगळी तपासणी बेसमेंट पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून करू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

ऑइलचा लाल दिवा पेटला, डिपस्टिकवर दुधाळ फेस आला किंवा सायलेन्सरमधून पांढरा धूर थांबेना, तर घरचं काम तिथेच संपलं. गॅरेजला न्या, तेही टोइंगने.

आणि पावसाळा. ठाण्यात वंदना टॉकीजजवळ पाणी तुंबलं आणि त्यात गाडी बंद पडली, तर पुन्हा सेल्फ मारण्याची घाई करू नका. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असेल तर ते दाबलं जात नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बाहेर ढकला आणि एअर फिल्टर काढून बघा. तो ओला असेल तर किल्ली फिरवू नका, थेट टोइंगवाल्याला बोलवा. असं नुकसान साध्या विमा पॉलिसीत सहसा धरत नाहीत, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर लागतं. जूनच्या आधी पॉलिसीत ते आहे का, बघून घ्या.