कॉमिक ग्रेडिंगला पाठवताना: आधी दिवा, मग प्रेस, मग सही

ग्रेडिंग म्हणजे कॉमिकची स्थिती तपासून त्याला गुण देणं. ग्रेडिंग होऊन आलेलं कॉमिक कडक पारदर्शक प्लॅस्टिकमध्ये कायमचं बंद होतं. संग्राहक त्याला स्लॅब म्हणतात. स्लॅब फोडून पुस्तक बाहेर काढता येतं, पण त्या क्षणी ग्रेड संपते. म्हणून पुस्तकावर जे काही करायचं, म्हणजे कागदावरच्या मोडी काढणं, पानं तपासणं, सही घेणं, ते सगळं स्लॅबच्या आधी आणि ठरावीक क्रमाने व्हायला हवं. नव्या संग्राहकांचे पैसे वाया जातात ते बहुतेक वेळा हा क्रम चुकल्यामुळे.

आधी थोडी ओळख. अमेरिकेतली सीजीसी ही ग्रेडिंग करणारी कंपनी २००० साली सुरू झाली. तिचं मुख्य काम फ्लोरिडातल्या सारासोटा इथून चालतं. सीजीसीत पूर्वी मुख्य ग्रेडर असलेल्या स्टीव्ह बोरॉक यांनी २०१४ साली सीबीसीएस ही दुसरी ग्रेडिंग कंपनी सुरू केली. ग्रेडची मोजपट्टी ०.५ पासून १०.० पर्यंत जाते आणि तिच्यात २५ पायऱ्या आहेत. खालच्या बाजूला बहुतेक पायऱ्या अर्ध्या-अर्ध्या गुणाच्या आहेत. ९.० नंतर मात्र ९.२, ९.४, ९.६, ९.८, ९.९ अशा त्या बारीक होत जातात, आणि पैशांचा खरा फरक याच बारीक पायऱ्यांवर पडतो. आधुनिक अंकांच्या बाजारात ९.८ ही जणू सीमारेषा आहे. तेच कॉमिक ९.६ आलं तर किंमत एकदम उतरते, मग नुसत्या डोळ्यांना दोन्हींतला फरक दिसो वा न दिसो.

पहिली पायरी: पाठवायचं का, हे ठरवा

पुस्तक विकायचं आहे, जपायचं आहे की सही करून ठेवायचं आहे, हे स्वतःशी स्पष्ट करा. विकायचं असेल तर हिशेब मांडा. ग्रेडिंगची फी, प्रेसिंगची म्हणजे मोडी दाबून सपाट करण्याची फी, जाण्यायेण्याचं टपाल आणि विमा हे सगळं न ग्रेड केलेल्या पुस्तकाच्या किमतीत मिळवा. येणारी रक्कम तुमच्या अपेक्षित ग्रेडच्या बाजारभावापेक्षा कमी आहे का, ते पाहा. बाजारभाव म्हणजे प्रत्यक्ष विक्री झालेल्या प्रतींचा भाव, विक्रेत्याने मागितलेला नव्हे.

सीजीसीच्या संकेतस्थळावर सेन्सस नावाची यादी असते. कोणत्या अंकाच्या किती प्रतींना कोणती ग्रेड मिळाली, हे तिथे कळतं. एखाद्या नव्या अंकाच्या हजारो प्रती आधीच ९.८ असतील तर तुमच्या प्रतीने त्या गर्दीत एकाची भर पडेल, इतकंच. उलट १९४० च्या दशकातला एखादा अंक ३.० ग्रेडचा असला तरी पाठवण्याजोगा असतो, कारण पुस्तक अस्सल आणि पूर्ण आहे एवढं प्रमाणपत्रसुद्धा तिथे मोलाचं ठरतं. जुनं आणि उत्तम स्थितीतलं असं दोन्ही एकत्र क्वचितच येतं, पण येतं तेव्हा काय होतं याचं ताजं उदाहरण आहे. कॅलिफोर्नियात तीन भावांना आईच्या घराच्या माळ्यावर १९३९ सालचा ‘सुपरमॅन’चा पहिला अंक सापडला. त्याला सीजीसीची ९.० ग्रेड मिळाली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये लिलावात तो ९१ लाख डॉलरच्या पुढे गेला.

दुसरी पायरी: दिव्याखाली तपासणी

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो इथे. हात धुऊन पूर्ण कोरडे करा. टेबल रिकामं ठेवा, खाली स्वच्छ पांढरा कागद अंथरा आणि दिवा बाजूने, अगदी तिरका लावा. सरळ प्रकाशात जे मुखपृष्ठ गुळगुळीत दिसतं, त्यावर तिरक्या प्रकाशात बोटांचे खळगे, लाटा, वरच्या अंकाच्या कडेचा उमटलेला दाब असं सगळं उठून दिसतं.

प्रत्येक मोडीसमोर एकच प्रश्न विचारायचा: इथे रंग तुटला आहे का? नुसता वाकलेला कागद सरळ होऊ शकतो. पण घडीवर शाईचा थर फुटून खालचा पांढरा कागद दिसत असेल तर तो रंग परत येणार नाही. कण्याजवळ, पिनांच्या आसपास आडव्या बारीक रेघा असतात. त्यातली एकेक रेघ भिंगातून पाहा. ९.८ आणि ९.४ मधलं अंतर बऱ्याचदा या रेघांतच असतं. पिनांना गंज आहे का, मुखपृष्ठ पिनांवरून सुटलं आहे का, कोपरे गोल झाले आहेत का, हेही बघून घ्या.

मग आतली पानं मोजा. कंटाळवाणं वाटलं तरी एकेक पान उलटून मोजा. मधलं जोडपान दोन्ही पिनांना धरलेलं आहे ना, ते पाहा. कात्रीने कापलेली कुपनं शोधा. १९७४ पासून दोनेक वर्षं मार्व्हलच्या अनेक अंकांत ‘मार्व्हल व्हॅल्यू स्टॅम्प’ छापलेले असत आणि ते कापून वहीत चिकटवा असं मुलांना सांगितलेलं असे. मुलांनी ते कापलेही. ‘इन्क्रेडिबल हल्क’चा १८१ वा अंक, ज्यात वुल्व्हरिन पहिल्यांदा पूर्ण कथेत दिसतो, त्यातही असा स्टॅम्प आहे. तो गायब असेल तर मुखपृष्ठ कितीही झळाळतं असो, ग्रेड कोसळते. त्या काळातला एक अंक मीही केवळ मुखपृष्ठावर भाळून घेतला होता. आतल्या पानाला पडलेली चौकोनी खिडकी घरी आल्यावर दिसली. तेव्हापासून मी आधी आतली पानं बघतो.

शेवटी दुरुस्तीच्या खुणा तपासा. मुखपृष्ठाची आतली बाजू पाहा, कारण कुणी पेनाने रंग भरला असेल तर तो तिथे झिरपलेला दिसतो. कडा संशयास्पदरीत्या सरळ आणि आकार जरासा लहान असेल तर पुस्तक छाटलेलं असू शकतं. सीजीसी अशा दुरुस्त केलेल्या पुस्तकांना जांभळं लेबल लावते आणि बाजारात त्यांची किंमत बरीच कमी होते. साध्या, अस्पर्श पुस्तकाला निळं लेबल मिळतं. एखादं मोठं न्यून वेगळं नोंदवायचं असेल तर हिरवं आणि साक्षीने घेतलेल्या सहीला पिवळं.

तिसरी पायरी: प्रेसिंग

प्रेसिंग म्हणजे नियंत्रित ओलावा, उष्णता आणि दाब. ओलाव्याने कागदाचे तंतू सैल होतात, उष्ण पट्ट्यांमध्ये ते सपाट बसतात आणि दाबाखालीच हळूहळू थंड होऊन तसेच टिकतात. घाई केली की पुस्तक काही आठवड्यांत पुन्हा मूळ वळणावर जातं.

रंग न तुटलेल्या मोडी, खळगे, लाटा आणि एका बाजूला फिरलेला कणा यांवर प्रेसिंगचा गुण येतो. तुटलेला रंग, फाटणं, डाग, उन्हाने उडालेला रंग, गंज आणि तुकडा पडून गेलेला कागद यांवर त्याचा काहीही उपयोग नाही. तुमच्या यादीत फक्त हे दुसऱ्या गटातले दोष असतील तर प्रेसिंगचे पैसे वाचवा. एकदा मी रंग तुटलेल्या तीन घड्यांचं पुस्तक आशेने प्रेसिंगला दिलं. परत आलं तेव्हा ते सुंदर सपाट होतं आणि तिन्ही घड्या जिथल्या तिथे होत्या.

प्रेसिंगला सीजीसी दुरुस्ती मानत नाही, म्हणून निळं लेबल कायम राहतं. खास रबराने वरचा मळ काढण्याची कोरडी सफाईही चालते. द्रावणात पान धुणं, फाटलेलं चिकटवणं, रंग भरणं या गोष्टी मात्र दुरुस्तीत मोडतात. सीजीसीच्याच समूहात प्रेसिंगचा विभाग आहे. अर्जातच तो पर्याय निवडला तर पुस्तक तिथून थेट ग्रेडिंगला जातं आणि मधला एक प्रवास वाचतो. स्वतंत्र प्रेसरही असतात. त्यांच्याकडे एखादं साधं पुस्तक देऊन आधी-नंतरचे फोटो मागा आणि मगच मौल्यवान अंक सोपवा.

घरच्या इस्त्रीने हे करू नका. उष्णता एकसारखी लागत नाही, चकचकीत मुखपृष्ठ खालच्या कागदाला चिकटतं आणि पिनांचा उठाव मुखपृष्ठावर उमटतो. नव्वदच्या दशकातली फॉइलची आणि होलोग्रामची मुखपृष्ठं तर अनुभवी प्रेसरलाही जपून हाताळावी लागतात. यंत्र घेऊन शिकायचंच असेल तर आधी टाकाऊ अंकांवर भरपूर सराव करा.

चौथी पायरी: सही

सही खरी आहे हे तुम्हाला माहीत असणं आणि ते सिद्ध होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सीजीसीच्या पिवळ्या लेबलसाठी कंपनीचा अधिकृत साक्षीदार सही होताना समोर हजर असावा लागतो. सही झाल्यावर पुस्तक साक्षीदाराच्या ताब्यात जातं. तुम्ही ते घरी नेऊन दुसऱ्या दिवशी पाठवू शकत नाही. साक्षीशिवायची सही सहसा मुखपृष्ठावरचा मजकूर म्हणून गणली जाते. मग एकतर ग्रेड घसरते, नाहीतर हिरवं लेबल लागतं.

मार्ग दोन आहेत. कॉमिकच्या संमेलनात कंपनीच्या स्टॉलवर जाऊन आधी साक्षीदार मागायचा, मग रांगेत उभं राहायचं. क्रम उलटा झाला तर सही हातची जाते. किंवा अधिकृत मध्यस्थाकडे पुस्तक पाठवायचं. तो चित्रकारासोबत खासगी सहीसत्र ठरवतो आणि पुढे ग्रेडिंगलाही देतो. दोन्हीकडे सहीची फी वेगळी आणि काही कलाकार ग्रेडिंगला जाणाऱ्या सहीसाठी जास्त फी घेतात, ते आधी विचारून घ्या.

सहीची जागा तुम्ही ठरवा. पुस्तकाच्या प्लॅस्टिक पिशवीवर हव्या त्या जागी चौकोनी खिडकी कापतात, म्हणजे सही तिथेच होते आणि बाकी मुखपृष्ठाला हात लागत नाही. कापताना पुस्तक आत नको. गडद भागावर चंदेरी किंवा सोनेरी पेंट पेन, फिकट भागावर काळं मार्कर. बॉलपेन टाळा, त्याचं टोक कागदावर चर पाडतं. चेहऱ्यावर सही घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. आकाश, भिंत, मोकळी पार्श्वभूमी यांवर ती वाचता येते आणि चित्रही शाबूत राहतं.

प्रेसिंग सहीच्या आधी करून घ्यावं. पेंट पेनची शाई उष्णतेत आणि दाबाखाली पसरू किंवा चिकटू शकते. संमेलनातल्या हाताळणीने पुन्हा खळगा पडलाच तर शाई पूर्ण सुकल्यावर, प्रेसरला सहीची कल्पना देऊनच पुढे जा.

जुन्या, साक्षीशिवायच्या सह्यांचं काय? मार्व्हलचे लेखक-संपादक स्टॅन ली २०१८ साली गेले. त्यांची नवी सही आता कुणाच्याच साक्षीने होणार नाही, पण अस्सल सह्या असलेली पुस्तकं घरोघरी आहेत. अशांसाठी सीबीसीएसकडे हस्ताक्षर तज्ज्ञांकरवी पडताळणीची सोय आहे. सही कुठे, कधी घेतली, त्या वेळचा फोटो, प्रवेशिका असं जे असेल ते जपून ठेवा. पुढे विकत घेणाऱ्यालाही त्याने विश्वास येतो.

पाचवी पायरी: अर्ज आणि पार्सल

खातं उघडून ऑनलाइन अर्ज भरा. सेवेचा वर्ग पुस्तकाच्या वयावर आणि तुम्ही जाहीर केलेल्या किमतीवर ठरतो. फी वाचवायला किंमत कमी दाखवू नका. पार्सल हरवलं तर भरपाई त्याच आकड्यावर अडते. अंकाचं नाव, क्रमांक, आवृत्ती आणि मुखपृष्ठाचा प्रकार अचूक लिहा आणि पाठवण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा.

प्रत्येक अंक नव्या पिशवीत, मागे पुठ्ठा देऊन घाला. पिशवीच्या चिकटपट्टीचं टोक दुमडून ठेवा. उघडताना उघडी पट्टी मुखपृष्ठाला चिकटली तर तिथेच दोष तयार होतो. अंकांपेक्षा मोठे दोन जाड पुठ्ठे वर-खाली ठेवून बाजूने चिकटपट्टी लावा, रबरबँड नको. हा गठ्ठा एका खोक्यात आणि ते खोकं दुसऱ्या मोठ्या खोक्यात ठेवा. हलवून पाहा. आत काहीही सरकता कामा नये. अर्जाची छापील प्रत आत ठेवा आणि माग काढता येईल, विमा असेल अशाच सेवेने पाठवा.

परत आल्यावर

खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढा. लेबलवरचं नाव, अंक, साल आणि सही करणाऱ्याचं नाव जुळतं का, ते पाहा. प्रमाणपत्राचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाका. कडांना तडा किंवा खरवडल्याच्या खुणा असतील तर ताबडतोब कळवा. स्लॅबमधली पुस्तकं बदलल्याचे प्रकार २०२३ च्या अखेरीस उघड झाल्यापासून, तयार स्लॅब विकत घेतानाही मी या कडा आधी बघतो. प्लॅस्टिकवर तेलाच्या तवंगासारखी इंद्रधनुषी वर्तुळं दिसली तर घाबरू नका. दोन थर एकमेकांना टेकल्याने ती उमटतात, पुस्तकाला इजा नसते.

ग्रेड अपेक्षेपेक्षा कमी आली तर ग्रेडरच्या नोंदी वाचा. त्यात बहुतेक वेळा नेमका दोष लिहिलेला असतो. तो दाबाने निघणारा असेल तरच पुन्हा पाठवण्यात अर्थ आहे.

स्लॅब उभे ठेवा, उन्हापासून आणि दमट भिंतीपासून दूर. जुना कागद आम्लयुक्त असतो, स्लॅबमध्येही तो पिवळा पडत राहतो आणि प्रकाशाने रंग उडतोच. खोकी आपटू नका, कारण धक्क्याने पुस्तक आतल्या आत सरकून कोपरे दुमडतात. प्रमाणपत्रांच्या क्रमांकांची यादी आणि फोटो पुस्तकांपासून वेगळ्या ठिकाणी ठेवा.