आबांचा बीपी, जिजींची साखर: मोबाईलवर नोंद ठेवायची रीत

मुलगा सुरतला नाहीतर पुण्याला, आई-वडील पारोळा किंवा शिरपूरकडच्या गावात. दिवाळीला मशीन घेऊन दिलं जातं, आठवडाभर व्हॉट्सॲपवर फोटो येतात, मग बंद होतात. आकडा कधीचा, कशानंतरचा हेच कळत नसेल तर डॉक्टर त्यावरून काय ठरवणार? म्हणून ॲप शोधण्याआधी मोजणं सुधारा.

बीपीचं मशीन दंडाला बांधायचं घ्या, मनगटाचं नको. कफवर, म्हणजे दंडाला गुंडाळायच्या पट्ट्यावर, घेर सेंटीमीटरमध्ये छापलेला असतो, बहुतेक २२ ते ३२. शिवणाच्या टेपने दंड मोजा. ३२ च्या वर भरला तर मोठा कफ मागवा, कारण लहान कफ आकडा फुगवतो. मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, बिडी नको आणि लघवी करून घ्यायची. खाटेवर पाय लोंबकळत बसवू नका. पाठ टेकेल अशी खुर्ची, पाय जमिनीवर, ५ मिनिटं गप्प बसणं. कफ उघड्या दंडावर, कोपराच्या घडीपासून दोन बोटं वर. हात मांडीवर ठेवला तर आकडा जास्त येतो; टेबलावर उशी ठेवून तो छातीच्या उंचीला आणा. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा.

डॉक्टरांकडे जाण्याआधी सलग ७ दिवस, सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी, एवढं पुरे. पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी काढा. घरची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून वर असेल तर बीपी वाढलेला धरतात. दिवसातून दहा वेळा मोजणाऱ्याचा बीपी धास्तीनेच वर जातो.

साखरेत घोळ बोटावरच होतो. केळं सोललं, गूळ फोडला आणि तसंच बोट टोचलं की आकडा खोटा चढतो. स्पिरिटपेक्षा साबण-पाणी बरं, पण हात कोरडा हवा; ओल्या बोटावर रक्त पातळ होतं. टोचायचं बोटाच्या कडेला. जेवणानंतरचे दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे, हात धुतल्यापासून नाही. साधारण लक्ष्य उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या आत असतं. वय जास्त असेल तर डॉक्टर ते सैल करतात, तेव्हा आपल्या माणसाचं लक्ष्य त्यांनाच विचारा.

मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ कडे जातो. साखर मोजायच्या पट्ट्यांच्या डबीवर सहसा ३० अंशांपर्यंतच ठेवा असं छापलेलं असतं, आणि साखरेची बरीच मशीनं ४० च्या वर ‘एरर’ दाखवून थांबतात. तेव्हा डबी मोटरसायकलच्या डिकीत, पत्र्याच्या खोलीत किंवा खिडकीत नको. पट्टी काढली की झाकण लगेच लावा, दमट हवेने पट्ट्या खराब होतात. न उघडलेलं इन्सुलिन फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत, पण बर्फाच्या कप्प्यात नाही. गोठलेलं इन्सुलिन फेकायचंच. वापरातलं किती दिवस चालतं ते त्याच्या चिठ्ठीवर असतं, बऱ्याच प्रकारांना २८ दिवस. लाईट जाणाऱ्या गावात ते कोरड्या डब्यात घालून ओल्या माठाजवळ ठेवा.

आता मोबाईल. ग्लुकोमीटरचा सेल बदलला की तारीख-वेळ बिघडते, ती आधी लावा. नाहीतर मशीनमधली जुनी नोंद कुचकामी. नुसते फोटो शोधून सापडत नाहीत, म्हणून नोंद टाईप करा. फॅमिली ग्रुपवर ती लग्नपत्रिकांखाली गाडली जाते; वेगळी चॅट ठेवा. एक ओळ अशी:

१२ मे, सकाळी ६:४०, उपाशी १४२, बीपी १३८/८६, नाडी ७४, गोळी घ्यायची आहे.

शेवटी काही वेगळं घडलं असेल तर तेही: रात्री वरण-बट्टी, लग्नातलं जेवण, ताप, गोळी चुकली. २४० आकड्यामागे बट्टी आहे की सुटलेली गोळी, यावर डॉक्टरांचा निर्णय बदलतो. टाईप जमत नसेल तर जिजींनी अहिराणीत आवाजी निरोप पाठवावा आणि मुलाने तो लिहून ठेवावा.

गोळीची आठवण फोनच्या घड्याळातल्या गजरानेच करा. आरोग्याची ॲपं बॅटरी वाचवण्याच्या सेटिंगमुळे झोपतात आणि दोन दिवसांनी गजर वाजत नाही. गजराला नाव द्या, ‘जेवणाआधीची पांढरी’ असं. मनगटी घड्याळ किंवा अंगठी बोट न टोचता साखर सांगते असा दावा करणाऱ्यांपासून लांब राहा. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध प्रशासनाने, फेब्रुवारी २०२४ मध्ये याबद्दल इशारा दिला आहे.

सरकारी दवाखान्यात जात असाल तर १४ अंकी आभा क्रमांक, म्हणजे सरकारी आरोग्य खात्याचा नंबर, काढून घ्या. आधारला जोडलेला मोबाईल नंबर चालू हवा, ओटीपी त्यावरच येतो. अडतं ते बहुधा इथेच. जिथे क्यूआर कोड लावला असेल तिथे तो स्कॅन करून ओपीडीची नोंदणी होते. जुने कागद मात्र आपोआप त्यात येत नाहीत. दिवसाउजेडी, सपाट जागी ठेवून प्रत्येक पानाचा फोटो काढा आणि नाव-तारीख दिसते का बघा. ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवर घरबसल्या डॉक्टरांचा मोफत सल्ला मिळतो. बोलण्याआधी आठवड्याच्या सरासऱ्या आणि चालू गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो हाताशी ठेवा. ऑनलाइन मिळालेल्या चिठ्ठीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आहे ना, ते तपासा.

साखर ७० च्या खाली आली तर फोन नंतर. आधी ३ चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही न घालता १०८ ला फोन. बीपी १८०/१२० च्या वर गेला आणि छातीत दुखतंय, दम लागलाय, बोलणं अडखळतंय किंवा एक बाजू लुळी पडलीय, तरीही १०८. असं काही नसेल तर ५ मिनिटं बसवून पुन्हा मोजा, आणि आकडा तसाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात रेंज येते-जाते. तिथे मशीनच्या डब्यात वही-पेन ठेवा, आठवडी बाजाराला आलं की पानाचा फोटो पाठवा.