विमान कर्मचाऱ्यांच्या बायोमेट्रिक तपासणीची तयारी

पुण्याहून केबिन क्रू किंवा वैमानिक म्हणून नव्याने रुजू होणाऱ्यांनी आधी हे लक्षात घ्यावे की विमानतळाच्या दारावरचे यंत्र नोंदणीच्या दिवशी घेतलेला ठसा आणि आज दिलेला ठसा यांचा मेळ बसतो की नाही, एवढेच पाहते. गणवेश, हुद्दा किंवा नोकरीची वर्षे त्याला दिसत नाहीत. म्हणून तयारीची सुरुवात पहिल्या ड्युटीच्या बऱ्याच आधी, घरातल्या कागदपत्रांच्या फायलीपासून करावी.

विमानतळावर प्रवेशासाठी लागणारा पास, म्हणजे एईपी, नागरी विमान सुरक्षा ब्युरो देतो. एअर इंडियाच्या कनिष्क विमानातील १९८५च्या बॉम्बस्फोटानंतर, १ एप्रिल १९८७ रोजी हा ब्युरो स्वतंत्र विभाग झाला. पासासाठीचा अर्ज कंपनीमार्फत जातो, पण त्यातल्या नावाची जबाबदारी आपलीच असते आणि महाराष्ट्रातल्या उमेदवाराची गाडी बहुधा नावापाशीच अडते. दहावीच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचे आणि वडिलांचे नाव असते. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा असतो. आधारवर वडिलांच्या नावाचे कधी केवळ आद्याक्षर असते. आणि लग्नानंतर नाव बदललेल्या मुलीच्या पॅनवर माहेरचे तर बँकेत सासरचे आडनाव राहिलेले असते. ही सगळी कागदपत्रे शेजारी शेजारी ठेवून इंग्रजी स्पेलिंगचे एकेक अक्षर ताडून पाहावे. नावात बदल झाला असेल तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातील प्रसिद्धी हाताशी ठेवावी, आणि एकदा कोणते नाव कायम ठेवायचे ते ठरले की परवान्यापासून पगाराच्या खात्यापर्यंत तेच चालवावे. हे काम कंटाळवाणे आहे खरे, पण माझ्या मते संपूर्ण तयारीत सर्वाधिक वेळ द्यावा असे हेच एक काम आहे.

पार्श्वभूमी पडताळणीसाठी राहत्या पत्त्याचे पोलीस ठाणे नेमके सांगता आले पाहिजे. ऑगस्ट २०१८ पासून पिंपरी-चिंचवडचे पोलीस आयुक्तालय वेगळे आहे. तेव्हा वाकडला राहणाऱ्याने सवयीने पुणे शहर पोलीस असे लिहून देऊ नये. मधल्या काळात भाड्याच्या खोल्या बदलल्या असतील तर प्रत्येक पत्ता तारखांसह लिहून काढावा आणि भाडेकरार जपून ठेवावेत.

आता प्रत्यक्ष ठशांविषयी. आधारसाठी दहा बोटे, दोन्ही बुबुळे आणि चेहरा घेतला जातो. ज्यांची नोंदणी शाळकरी वयात झाली त्यांनी आधार सेवा केंद्रात जाऊन ती अद्ययावत करून घ्यावी. आधारवरील बायोमेट्रिक सुरक्षेसाठी कुलूपबंद केले असेल तर आधारने पडताळणी करायच्या दिवशी ते आधी उघडावे, नाहीतर निरोगी बोटही नाकारले जाते. पासासाठीच्या नोंदणीच्या आधीच्या आठवड्यात विळीवर किंवा सुरीने बोट कापणार नाही याची काळजी घ्यावी आणि बोटांच्या टोकांवर मेंदी लावू नये. घरात लग्नकार्य असेल तर तळहातावर थांबावे, आत्या-मावश्यांना कारण सांगून टाकावे. डिसेंबरातल्या कोरड्या थंडीत त्वचेवरच्या रेषा फिक्या उमटतात, म्हणून रात्री साधे मलम लावावे, पण ठसा देताना बोट तेलकट किंवा सॅनिटायझरने ओले असू नये. सोय असेल तर दोन्ही हातांची एकापेक्षा अधिक बोटे नोंदवून घ्यावीत. बुबुळ घेतले जात असल्यास रंगीत लेन्स काढाव्यात.

प्रवाशांसाठीची डिजियात्रा, म्हणजे चेहरा ओळखून आत सोडणारी सोय, पुण्यात ३१ मार्च २०२३ पासून आहे, आणि तिच्यात चेहरा नोंदवला की काम झाले असे काहींना वाटते. ड्युटीवरच्या कर्मचाऱ्याच्या पासाशी तिचा काही संबंध नाही.

बायोमेट्रिक ओळख पटली तरी झडती चुकत नाही. धातुशोधक चौकट आणि बॅगेचा एक्स-रे ठरलेलाच असतो, तेव्हा केसांच्या धातूच्या पिना, पट्ट्याचे जड बक्कल आणि बॅगेच्या तळाशी राहिलेली कात्री आदल्या रात्रीच पाहावी. पास गणवेशावर दर्शनी लावावा आणि त्यावर नमूद केलेल्या क्षेत्रापलीकडे जाऊ नये. पुणे विमानतळाची लोहगावची धावपट्टी हवाई दलाची आहे, त्यामुळे तिथे सेल्फीचा मोह आवरलेलाच बरा. नवे टर्मिनल १४ जुलै २०२४ पासून वापरात आले आहे, म्हणून कर्मचाऱ्यांनी कोणत्या दाराने यायचे हे जुन्या सहकाऱ्याच्या आठवणीवर न सोडता कंपनीच्या ड्युटी ऑफिसरकडून विचारून घ्यावे. उड्डाणपूर्व श्वासतपासणी ही वेगळी बाब आहे, पण तिचीही तयारी घरूनच होते: अल्कोहोल असलेला माउथवॉश वापरण्यास विमान कर्मचाऱ्यांना मनाई आहे.

पहाटेच्या रिपोर्टिंगला धानोरीहून निघणाऱ्याचे आणि कोथरूडहून येरवड्यामार्गे येणाऱ्याचे गणित सारखे नसते. दोघांनीही यंत्राने एकदा नकार दिला तर लागणारी मिनिटे त्यात धरावीत. नकार आल्यास बोट पुसून पुन्हा ठेवावे, दुसरे नोंदवलेले बोट द्यावे, आणि तरीही जमले नाही तर रांगेतून बाजूला होऊन विमानतळाची सुरक्षा पाहणाऱ्या सीआयएसएफच्या जवानाला पास व कंपनीचे ओळखपत्र दाखवावे. सहकाऱ्याच्या मागोमाग उघड्या दारातून आत शिरणे हा थेट सुरक्षाभंग ठरतो. वारंवार नकार येत असेल तर नोंदणी पुन्हा करून देण्याची मागणी कंपनीकडे लेखी करावी.

पास हरवल्यास त्याच दिवशी पोलिसांत तक्रार नोंदवून कंपनीच्या सुरक्षा विभागाला कळवावे. नोकरी सोडताना पास परत करून पोच घ्यावी, आणि कंपनीने हजेरीसाठी स्वतःच्या यंत्रावर ठसे घेतले असतील तर ते पुसून टाकण्याची विनंतीही त्याच पत्रात करावी. २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात त्यासाठी तरतूद आहे.